४१ मिनिटांचा कॉल आणि वॉर्निंग लेटर

वाचकाचं पत्र

ताई, नमस्कार.

मी पुण्यात खराडीला एका ग्राहक सेवा केंद्रात टीम लीडर आहे. आमच्या फ्लोअरवर एका बँकेचे मराठी-हिंदी कॉल येतात. माझ्या टीममध्ये १८ जण. प्रत्येकाला दिवसाला साठेक कॉल, एका कॉलला सरासरी ५ मिनिटांचं टार्गेट, महिन्याला २४ दिवस लॉगिन.

गेल्या महिन्यात टीममधल्या एका मुलीला सांगली जिल्ह्यातून एका आजोबांचा फोन आला. मुलगी २३ वर्षांची, नोकरीला लागून वर्षही झालेलं नाही. आजोबांची पत्नी वारली होती. तिच्या नावावर एफडी होती आणि पुढं काय करायचं ते त्यांना माहीत नव्हतं. बोलता बोलता त्यांना रडू आलं. "आता माझं तरी काय राहिलंय," असंही ते म्हणाले. ती त्यांच्याशी ४१ मिनिटं बोलत राहिली. मी नंतर रेकॉर्डिंग ऐकलं. मध्ये ४७ सेकंद काहीच बोलणं नाही, फक्त लोखंडी कपाट उघडल्याचा आवाज येतो. आजोबा एफडीची पावती शोधत होते.

सिस्टिमनं तो कॉल लाल केला. वेळ जास्त म्हणून एक खूण, ४७ सेकंदांची शांतता 'डेड एअर' म्हणून दुसरी. शिवाय एम्पथी स्कोअर, म्हणजे सहानुभूतीचे गुण, कमी, कारण "मी तुमची परिस्थिती समजू शकते" हे ठरलेलं वाक्य तिनं म्हटलंच नाही. ती म्हणाली, "आजोबा, आधी पाणी प्या. मी आहे लाइनवर." कॉल लाल झाला की त्या महिन्याचा इन्सेंटिव्ह जातो, तसा तिचा गेला. तिचे याआधीही दोन कॉल लाल झालेत, म्हणून मॅनेजर आता वॉर्निंग लेटर काढ म्हणतात.

आजवर असं काही झालं की मी 'सिस्टिम इश्यू' असा कोड टाकून तो कॉल हिशेबातून काढायचो. तिच्यासाठीही तेच करावंसं वाटतंय, पण ऑडिट कडक झालंय. मॅनेजर माणूस म्हणून वाईट नाहीत, त्यांच्यामागे क्लायंटचा, म्हणजे त्या बँकेचा, तगादा असतो. माझा वाघोलीच्या फ्लॅटचा हप्ता चालू आहे. ही नोकरी आणि माणुसकी एकत्र नांदू शकतात का? की मी हे क्षेत्रच सोडावं?

— एक टीम लीडर, पुणे

सल्ला

नमस्कार.

आधी सरळ उत्तर देते. ते लेटर तिला मिळता कामा नये, आणि तो खोटा कोड तुम्ही टाकता कामा नये. दोन्ही साधायचं तर थोडे कष्ट घ्यावे लागतील, आणि ते कष्ट तुमच्या पदाच्या माणसानंच घ्यायचे असतात. एजंटच्या हातात काही नसतं आणि मॅनेजरनं कॉल ऐकलेला नसतो. त्या फ्लोअरवर रेकॉर्डिंग ऐकलेले आणि आकडेही पाहिलेले असे तुम्ही एकटेच आहात.

तुम्ही आकडे दिलेत हे फार बरं केलंत. जरा मांडून बघू. ५९ कॉल ५ मिनिटांचे आणि एक ४१ मिनिटांचा धरला, तर तिची त्या दिवसाची सरासरी ५ मिनिटं ३६ सेकंद होते. म्हणजे ३६ सेकंद जास्त. टीमच्या अठराही जणांचे त्या दिवसाचे सगळे कॉल घेतले, तर टीमची सरासरी २ सेकंदांनी वाढली. आणि तिच्या महिन्याभराच्या १,४४० कॉलांवर ही वाढ पसरली, तर हातात येतो दीड सेकंद. त्या दीड सेकंदापायी २३ वर्षांच्या मुलीच्या फाइलमध्ये वॉर्निंगचा कागद लागणार आहे. मॅनेजरांशी बोलायला बसाल तेव्हा सुरुवात याच हिशेबानं करा. आजोबांच्या रडण्यावरून सुरुवात केलीत तर ते म्हणतील, "अरे, मलाही वाईट वाटतं, पण प्रोसेस आहे." हिशेबावर तसं म्हणता येत नाही.

कॉलच्या सरासरी वेळेचा हा आकडा कुठून आला हे ठाऊक असलेलं बरं. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत ए. के. एर्लांग नावाचे गणिती काम करत. एका वेळी किती लोक फोन करतील, एकेक संभाषण किती लांबेल, आणि लोकांना ताटकळत न ठेवता किती लाइन, किती ऑपरेटर पुरतील, याचं गणित त्यांनी १९०९ आणि १९१७ साली लिहिलेल्या लेखांत मांडलं. आजही रोस्टर काढणारी बरीचशी सॉफ्टवेअर त्यांच्या सूत्रांचाच आधार घेतात. म्हणजे संभाषणाची सरासरी वेळ लागायची ती माणसं किती हवीत हे ठरवायला. त्या गणितात लांब कॉल येणार हे गृहीतच धरलेलं असतं. कुणाचा कॉल ३० सेकंदांत संपेल, कुणाचा अर्धा तास चालेल, म्हणून तर सरासरी काढायची. पुढं संगणक आले, प्रत्येकाच्या लॉगिनखाली प्रत्येक सेकंद नोंदवता यायला लागला, आणि एकेका माणसाला, एकेका कॉलला मोजायला तोच आकडा वापरात आला. सरासरीचं टार्गेट एका सुट्या कॉलवर लावणं हे मुळात गणितातच बसत नाही. तुमच्या केंद्रात नेमकं तेच झालंय.

आणखी एक गोष्ट क्लायंटच्या कानावर जायला हवी. ५ मिनिटांचं हे टार्गेट कधी ठरलं ते शोधून काढा. त्यानंतर बँकेनं ॲप आणलं असेल, आपोआप उत्तरं देणारा बॉट बसवला असेल. बॅलन्स किती, स्टेटमेंट कसं काढायचं, चेकबुक कधी येईल, असले दोन मिनिटांचे प्रश्न आता तिकडेच मिटतात. मग तुमच्या मुलांकडे कोण येतं? ज्यांचं काम बॉटला जमलं नाही ते. खात्यातून पैसे गेलेले, घरात माणूस गेलेलं, ओटीपी ज्या नंबरवर येतो तो मोबाइलच बंद पडलेला. सोपे कॉल यंत्रानं उचलले की माणसाकडे उरलेल्या कॉलांची सरासरी चढणारच. मुलं त्याच वेगानं काम करत असली तरी डॅशबोर्डवर ती मंदावल्यासारखी दिसतात. टार्गेट जुनंच ठेवलं तर दर महिन्याला कुणीतरी लाल होईल, आणि जो ऐकून घेतो तो सगळ्यांत आधी.

आता त्या ४७ सेकंदांकडे येते. तुमच्या पत्रातली मला सगळ्यांत महत्त्वाची वाटलेली जागा ती आहे. तिनं पावतीवरचा नंबर मागितला. घरात आता एकटा पडलेला म्हातारा माणूस उठला, कपाट उघडलं, बायकोनं ठेवलेले कागद बाहेर काढले. त्या वेळात तिनं बोलत राहायला हवं होतं का? "सर, आपण लाइनवर आहात का?" असं दर दहा सेकंदांनी विचारायला हवं होतं? ऐकणाऱ्याला कळतं की इथं गप्प बसणं हेच काम आहे. सिस्टिमला कपाटाचा आवाज कळत नाही, कारण तो ओळखायला तिला कुणी सांगितलेलं नाही. तिला एवढंच सांगितलंय की इतके सेकंद बोलणं थांबलं की खूण कर. ही सेटिंग आहे, तुमच्यामाझ्यासारख्या कुणीतरी ठरवलेली, आणि सेटिंग बदलता येते.

एम्पथी स्कोअरचं तसंच. ठरलेलं वाक्य आलं की गुण, नाही आलं की नाही. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठातल्या जोसेफ वायझेनबाउम यांनी १९६६ साली 'एलायझा' नावाचा प्रोग्रॅम जगापुढं ठेवला. समोरचा जे टाइप करेल त्यातलेच शब्द फिरवून तो प्रश्न विचारायचा, बाकी त्याला काही कळत नव्हतं. वायझेनबाउम यांनी स्वतः सांगून ठेवलंय की त्यांची सेक्रेटरी त्याच्याशी थोडा वेळ 'बोलली' आणि मग त्यांनाच म्हणाली, जरा बाहेर जाता का? तो प्रोग्रॅम त्यांनी कसा घडवला हे तिनं डोळ्यांसमोर पाहिलं होतं, तरीही. ते यानं अस्वस्थ झाले आणि पुढं आयुष्यभर सांगत राहिले की काही कामं यंत्राच्या हाती देऊ नयेत. मला यातून एवढंच दिसतं की आपुलकीचे शब्द जुळवणं यंत्राला साठ वर्षांपूर्वीच जमलं होतं. तुमच्या टीममधली मुलगी जे बोलली, "आधी पाणी प्या," ते कुठल्या स्क्रिप्टमध्ये नव्हतं. आपल्याकडे रडणाऱ्या माणसाला असंच म्हणतात. त्या वाक्याला शून्य गुण देणारी फूटपट्टी चुकीची आहे, हे क्यूएच्या, म्हणजे कॉलचा दर्जा तपासणाऱ्या, लोकांना रेकॉर्डिंग ऐकवून दाखवून द्या. बहुतेक केंद्रांत कॅलिब्रेशनची मीटिंग असते, क्यूए, टीम लीडर आणि क्लायंटची माणसं मिळून काही कॉल ऐकतात आणि गुण ताडून बघतात. हा कॉल तिथं न्या. आधी स्कोअर सांगू नका. आधी कॉल ऐकवा, मग प्रत्येकाला गुण द्यायला सांगा, आणि मग सिस्टिमनं काय दिलंय ते दाखवा.

तुम्ही न विचारलेली गोष्ट आता मी विचारते. कॉल दहा मिनिटांच्या वर गेला तेव्हा तुमच्या स्क्रीनवर तो लाल दिसायला लागला असणार. त्या वेळी तुमच्या फ्लोअरवर काय झालं? मी तुम्हाला दोष देत नाहीये. बहुतेक ठिकाणी त्या वेळी एजंटच्या स्क्रीनवर चॅटचा मेसेज येतो: 'रॅप अप करा', म्हणजे आवरतं घ्या. समोर माणूस रडतोय, कोपऱ्यात मेसेज लुकलुकतोय. तसं नसेल झालं तर फारच चांगलं. पण माझं मागणं याहून जास्त आहे. कॉल लांबला की टीम लीडरनं जागेवरून उठून तिच्या डेस्कपाशी जावं, दुसरा हेडसेट लावावा आणि ऐकावं. दाव्याचे नियम तिला आठवत नसतील तर ते कागदावर लिहून पुढं सरकवावेत. गरज पडली तर कॉल स्वतः घ्यावा. मी आयटीच्या विरोधात नाही, उलट त्या डॅशबोर्डमुळं अठरा डेस्कांमधून कुठल्या डेस्कवर कुणाला आधार हवा आहे हे तुम्हाला बसल्या जागी कळतं. पूर्वीच्या सुपरवायझरला ते कधीच कळलं नसतं. लाल रंग तोच राहू द्या, तो दिसल्यावर करायचं काय हे तुमच्या टीमपुरतं तुम्ही उद्यापासून बदलू शकता. त्याला क्लायंटची परवानगी लागत नाही.

"आता माझं तरी काय राहिलंय" हे वाक्य तर एकट्या मुलीवर सोडून द्यायचं नाहीच. असं वाक्य कानावर आलं की हात वर करायचा आणि टीम लीडरनं धावत जायचं, असा टीमचा नियम करा. अशा वेळी आडवळणानं बोलू नये. शांतपणे सरळ विचारावं, "आजोबा, जीव द्यावा असं मनात येतं का?" असं विचारल्यानं कुणाच्या डोक्यात नवा विचार शिरत नाही, उलट मनातलं बोलून टाकायला वाट मिळते. घरात, शेजारी कोण आहे ते विचारायचं, त्यांना हाक मारायला लावायचं. केंद्र सरकारची टेली-मानस सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. नंबर १४४१६. फुकट आहे, चोवीस तास आहे आणि मराठीत बोलता येतं. धोका अगदी समोर दिसत असेल तर ११२. हे दोन नंबर प्रत्येक डेस्कवर चिकटवा. फ्लोअरवर मोबाइल आत नेऊ देत नाहीत, सगळे फोन लॉकरमध्ये असतात, म्हणून कागदावरच हवेत. आणि बँकेच्या शाखेतून कुणीतरी त्या आजोबांना एक फोन करावा, अशी एस्कलेशनची, म्हणजे प्रकरण वरच्यांकडे पाठवण्याची, नोंद आजच टाका. महिना झाला आहे, तरीही टाका.

आता त्या खोट्या कोडबद्दल. तुम्ही आजवर तो कळवळ्यापोटी टाकलात, हे मला कळतं. तरीही तो थांबवा, आणि ऑडिट हे त्याचं माझ्या मते दुय्यम कारण आहे. तुम्ही 'सिस्टिम इश्यू' लिहिलंत की रेकॉर्डला काय कळतं? त्या दिवशी सर्व्हर अडखळला. विधुर आजोबांचा कॉल आला होता, त्याला ४१ मिनिटं लागतात, असे कॉल महिन्याला कितीतरी येतात, यातलं काहीच नोंदलं जात नाही. वर बसलेल्याला सगळं आलबेल दिसतं. टार्गेट बदलायचं कारणच त्याच्यासमोर येत नाही. तुम्ही वाचवलेल्या प्रत्येक कॉलमुळं पुढच्या मुलीचा पुरावा कमी होत गेला. आणि ज्या दिवशी तुम्ही सुट्टीवर असाल त्या दिवशी तिला वाचवायला कुणी नसेल.

कॉम्प्युटरमधली नोंद खरी आणि माणूस खोटा असं एकदा ठरलं की काय होतं, हे ब्रिटनच्या पोस्ट ऑफिसनं जगाला दाखवलं आहे. तिथं १९९९ पासून 'होरायझन' नावाची हिशेबाची सिस्टिम बसवली. गावोगावच्या सब-पोस्टमास्तरांच्या हिशेबात न झालेली तूट दिसायला लागली. ते हेल्पलाइनला फोन करायचे. अनेकांनी पुढं सांगितलं की पलीकडून उत्तर यायचं, असं फक्त तुमच्याकडेच होतंय. ९००हून जास्त जणांना चोरी, अफरातफर, खोटे हिशेब अशा आरोपांखाली शिक्षा झाल्या. सीमा मिश्रा या भारतीय वंशाच्या बाई पोटुशा असताना २०१० साली तुरुंगात गेल्या. त्यांची शिक्षा रद्द व्हायला एप्रिल २०२१ उजाडलं, आणि उरलेल्यांसाठी २०२४ साली पार्लमेंटला वेगळा कायदा करावा लागला. हेल्पलाइनवर बसलेल्या माणसांना मी दुष्ट म्हणणार नाही. पण हा दहावा फोन, हा पन्नासावा फोन, असं कुणीतरी लिहून ठेवून वर नेलं असतं, आणि वरच्यांनी ते मानलं असतं, तर कितीतरी घरं वाचली असती. तुमचं प्रकरण त्याच्या पासंगालाही पुरणार नाही, मला ठाऊक आहे. पण नोंद खरी ठेवण्याची जबाबदारी तीच आहे.

म्हणून करायचं ते चोरून करू नका, लिहून करा. एक पान पुरेल. वर तो हिशेब: दिवसाला ३६ सेकंद, टीमला २, महिन्याला दीड. मग कॉलमध्ये काय झालं ते मिनिटांसकट. आणि मग एक गोष्ट तपासून लिहा: त्या आजोबांच्या नंबरवरून पुढच्या आठवड्यात पुन्हा कॉल आला का? आला नसेल तर तिनं एका कॉलात काम पुरं केलं. एरवी असा माणूस चार-पाच वेळा फोन करतो, दर वेळी नव्या एजंटला पहिल्यापासून सांगतो की बायको गेली, आणि मध्ये एसटीनं शाखेत एक खेप वाया घालवतो, कारण मृत्यूच्या दाखल्याबरोबर काय न्यायचं ते त्याला कुणी नीट सांगितलेलं नसतं. ते पाचही कॉल हिरवे असतात. रिपीट कॉलचा रिपोर्ट तुमच्याकडे निघत असणारच, तो याच्याशी जोडा.

क्लायंटला पटेल असा मुद्दाही आहे. खातेदार वारल्यावर नॉमिनी असेल, किंवा खातं हयात खातेदाराला पैसे मिळतील अशा अटीचं असेल, तर वारस दाखल्यासाठी अडवून धरू नये आणि कागद पूर्ण आल्यावर १५ दिवसांत दावा निकाली काढावा, असं रिझर्व्ह बँकेनं बँकांना २००५ सालीच सांगितलं आहे. बँकेनं तक्रारीला ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा दिलेलं पटलं नाही तर ग्राहक रिझर्व्ह बँकेच्या एकात्मिक लोकपाल योजनेखाली फुकट तक्रार करू शकतो. दाव्याचा कॉल घाईनं कापला, कागद अर्धवट सांगितले, तर त्याची किंमत बँकच मोजणार. त्यामुळं तुम्ही भीक मागत नाही आहात, बँकेच्याच नियमाला धरून चांगली सेवा द्यायची परवानगी मागता आहात.

आणि मागणी नेमकी करा. 'मृत्यू दावा' असा स्वतंत्र डिस्पोझिशन कोड, म्हणजे कॉल कशाबद्दल होता ते नोंदवणारा कोड, हवा, त्याची वेळ वेगळी मोजली जावी. ग्राहक कागद शोधतोय असं दाखवणारं एक बटण हवं, ते दाबलं की शांतता डेड एअरमध्ये धरू नये. आणि अशा कॉलनंतर दहा मिनिटांचा ब्रेक, जो कुणाच्या ब्रेकच्या हिशेबात धरला जाणार नाही. शेवटच्या मागणीवर जरा ठाम राहा. अर्ली हॉक्शिल्ड या अमेरिकन समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९८३ साली विमानातल्या हवाई सुंदरी आणि थकबाकी वसूल करणारे लोक यांच्या कामाचा अभ्यास मांडला आणि भावना आवरून, घडवून दाखवणं हेही मजुरीचंच काम आहे, ते माणसाला झिजवतं, हे ठामपणे सांगितलं. तुमच्या टीममधल्या त्या मुलीनं आजोबांचा फोन ठेवला आणि लगेच कानात पुढची बीप वाजली असेल. पलीकडून कुणी क्रेडिट कार्डाच्या दंडावरून शिव्या घातल्या असतील. मोबाइल लॉकरमध्ये, आईला फोन करायचीही सोय नाही. दहा मिनिटं खाली चहाला जाऊन येणं ही त्या कामाची गरज आहे.

मॅनेजर वाईट नाहीत असं तुम्ही लिहिलंत, तर त्यांना तसंच वागवा. त्यांच्यावरही कुणाचातरी डॅशबोर्ड आहे. त्यांना क्लायंटपुढं ठेवता येईल असा कागद तुम्ही दिलात तर कदाचित त्यांनाही सुटल्यासारखं वाटेल. "लेटर काढत नाही" असं तोंडावर म्हणण्यापेक्षा म्हणा, "सर, हा कॉल कॅलिब्रेशनला जाऊ दे, तोवर लेटर थांबवू." आधीचे दोन लाल कॉलही ऐकून घ्या. ते खरंच तिच्या चुकीनं झाले असतील तर तसं प्रामाणिकपणे लिहा, आणि त्यासाठी वॉर्निंगऐवजी कोचिंगची नोंद सुचवा. सगळं करूनही ते लेटर काढच म्हणाले, तर? माझं मत विचाराल तर त्यावर तुमची सही नसावी. पण हप्ता तुमचा आहे, माझा नाही, त्यामुळं नोकरी पणाला लावा असं मी इथं बसून सांगणार नाही. ज्यांना ते लेटर योग्य वाटतं त्यांनी आपल्या सहीनं द्यावं, आणि तुमचं ते एक पान त्याला जोडलं जावं, एवढं मात्र मेलवर मागा. रेकॉर्डिंग स्वतःजवळ ठेवायचा किंवा कुणाला पाठवायचा मोह झाला तरी तसं करू नका. त्यात आजोबांचा खाते नंबर आहे, आणि त्यांचं दुःखही.

त्या मुलीशी बोलणं तुम्ही पत्रात कुठंच लिहिलेलं नाही. तिला या सगळ्यात काय कळलंय? इन्सेंटिव्ह गेला, इतकंच. बहुधा ती मनाशी ठरवून बसली असेल की पुढच्या वेळी लवकर फोन ठेवायचा. म्हणून मॅनेजरांकडे जायच्या आधी तिच्याशी बोला. चॅटवर नको, डेस्कपाशी सगळ्यांदेखतही नको. मीटिंग रूम घ्या, लॅपटॉप बाहेर ठेवा. कॉल तुम्ही पूर्ण ऐकलात हे सांगा, आणि "आधी पाणी प्या" म्हणाली ते बरोबर केलं हेही त्याच शब्दांत सांगा, मोघम "गुड जॉब" नको. कॉलमध्ये कुठं वेळ वाचला असता असं तुम्हाला वाटलं असेल, समजा नॉमिनीचा नियम शोधण्यात तिची पाच मिनिटं गेली, तर तेही सांगा आणि तो नियम तिला शिकवा. ती लहान आहे, तिला शिकायचं आहे. नुसतं गोंजारणं तिच्या कामाचं नाही. आजोबांचं पुढं काय झालं हे तिला विचारायचं असेल, तर एस्कलेशनचं उत्तर आलं की तिला कळवा. तिला झोप लागत नसेल, पुढचे कॉल घ्यायची भीती वाटत असेल, तर १४४१६ हा नंबर तिच्यासाठीही आहे.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, क्षेत्र सोडावं का. आज नको. तुम्ही रेकॉर्डिंग शेवटपर्यंत ऐकलंत, कपाटाचा आवाज टिपलात. असा माणूस निघून गेला की त्या जागी फक्त टाइमर बघणारा येण्याची शक्यता जास्त. पान लिहा, कॅलिब्रेशनला जा, क्लायंटच्या पुढच्या आढाव्याची वाट बघा. कोड मिळाला, ब्रेक मिळाला, नुसतं लेटर थांबलं, यातलं एक झालं तरी त्या जागेत राहून करण्यासारखं काम आहे. काहीच झालं नाही आणि उलट तुम्हालाच लाल केलं, तर बाहेर बघायला लागा, पण हातात दुसरं काम आल्यावरच राजीनामा द्या. आणि त्याआधी तुमच्याच कंपनीत क्यूएमध्ये जागा निघते का ते बघा. डेड एअर किती सेकंदांना धरायचं, कुठल्या वाक्याला गुण द्यायचे, हे तिथं ठरतं.

इन्सेंटिव्ह परत मिळावा ही मागणी त्या पानावर शेवटी वेगळ्या ओळीत लिहा, रकमेसकट. या महिन्याचं पेरोल बंद व्हायच्या आत द्या, म्हणजे तो तिच्या याच पगारात येईल.